कल म्हणजे काल की उद्या?

"टुमारो माय फादर वेंट टू सौदी."

सहावीच्या एका वहीतलं हे वाक्य. 'माझं कुटुंब' या विषयावर इंग्रजीत पाच ओळी लिहायला मी वर्गात दिल्या होत्या. चार ओळी नेहमीच्याच होत्या. आई घरी असते, दादी आमच्याजवळ राहते, दोन बहिणी आहेत, वगैरे. पाचव्या ओळीतल्या 'टुमारो'भोवती मी लाल पेनानं गोल केला, वर 'यस्टरडे' लिहिलं आणि पुढची वही ओढली.

इतकंच करून थांबले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण वह्या परत देताना मला जरा उत्साह आला. नाव न घेता ते वाक्य मी मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "उद्या गेले! उद्या कसे काय गेले बरं?" वर्ग हसला. मीही हसले. नाव न घेतल्यानं काही बिघडलं नाही असं मला वाटलं होतं, पण सौदीला जाणारा बाप त्या वर्गात एकाचाच होता. मागून दुसऱ्या बाकावरचा तो मुलगा मान खाली घालून वही दप्तरात कोंबत होता. तो बुधवार होता.

गुरुवारी हजेरी घेताना त्याच्या नावाला उत्तर आलं नाही. शेजारचा म्हणाला, "टीचर, उसके अब्बा आज जारैं सौदी. रात की गाडी है."

आज जारैं. म्हणजे बुधवारच्या हिशेबानं उद्या. मुलानं 'टुमारो' अगदी बरोबर लिहिलं होतं. चुकलं होतं ते 'वेंट'. त्याला 'इज गोइंग' लिहायचं होतं आणि ते त्याला येत नव्हतं. मी बरोबर शब्द खोडला, चुकीचा शब्द तसाच ठेवला आणि वर त्याला हसले. हातात हजेरीचं पुस्तक धरून मी किती वेळ तशीच उभी होते कोण जाणे.

सात-आठ वर्षं झाली त्याला.

मी मुळात इंग्रजीची शिक्षिका नाही. बीएड केलं ते उर्दू आणि मराठी घेऊन. शाळा उर्दू माध्यमाची, आणि मी तिथं मराठी शिकवते. घरात दखनी, बाहेर सोलापुरी मराठी आणि वहीत उर्दू, असं ज्यांचं आयुष्य चाललेलं असतं, त्या मुलांना मराठीची गोडी लावणं हे माझं काम आणि ते मला आवडतं. पण इंग्रजीची जागा रिकामी राहिली की शाळेत जो कोणी 'थोडंफार इंग्रजी जाणतो' त्याच्या गळ्यात तो तास पडतो. त्या वर्षी तो माझ्या गळ्यात पडला.

थोडंफार म्हणजे खरंच थोडंफार. 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. आमच्या पिढीला ते पाचवीत भेटलं. पाचवीत आमच्या सरांनी फळ्यावर दोन रकाने आखले होते. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला उर्दू अर्थ. 'यस्टरडे'समोर 'कल' होतं आणि 'टुमारो'समोरही 'कल'च होतं. मी हात वर करून विचारलं, "सर, दोनों एकीच हैं?" सर म्हणाले, "याद करो." मी याद केलं. दोन्ही शब्द तोंडपाठ झाले, पण कुठला कुठे वापरायचा ते कळलं नाही. ते कळलं सहावीत, मराठीच्या तासाला, 'काल' आणि 'उद्या' असे दोन वेगळे शब्द पुस्तकात दिसले तेव्हा. उर्दूतून न सुटलेलं इंग्रजीचं कोडं मला मराठीनं सोडवून दिलं. मराठीवरचं माझं प्रेम तिथून सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही. कारण जरा विचित्र आहे, पण खरं आहे.

आणि तरीही त्या बुधवारी मी चुकलेच. का, याचा नंतर बराच विचार केला.

उर्दूत 'कल' हा शब्द एकटा काहीच सांगत नाही. तो फक्त एवढंच म्हणतो की आजचा दिवस नाही, आजच्या शेजारचा आहे. कुठल्या बाजूचा शेजारी हे क्रियापद सांगतं. 'कल गये' म्हटलं की काल, 'कल जाएँगे' म्हटलं की उद्या. त्यामुळे उर्दू बोलणाऱ्याचा गोंधळ होत नाही. कान शेवटपर्यंत थांबतो, क्रियापद येतं आणि मग 'कल' आपल्या जागी बसतो. इंग्रजीत हेच काम दोघं मिळून करतात. 'टुमारो'ही काळ सांगतो आणि 'विल गो'ही सांगतो. एकच बातमी दोनदा. अशा वेळी दोघांच्या साक्षी जुळल्या नाहीत तर खोटं कोण बोलतंय? मी उर्दूत वाढलेली, म्हणून नकळत क्रियापदावर विश्वास ठेवला. 'वेंट' म्हणजे गेले, मग 'टुमारो' खोटा. वहीतून ते कळणार नव्हतंच. मुलाला विचारायला हवं होतं, आणि तेवढंच मी केलं नाही.

शब्दांच्या कुळाचंही थोडं सांगते. आपलं मराठी 'काल' आणि उर्दू-हिंदी 'कल' हे दोन्ही संस्कृत 'कल्य' या एकाच शब्दातून आले. 'कल्य' म्हणजे पहाट. इंग्रजीतल्या 'टुमारो'च्या पोटातही सकाळच आहे, 'मॉरो' म्हणजे सकाळ. सगळ्यांनी सुरुवात पहाटेपासून केली. मराठीनं ती पहाट मागच्या दिवसाला दिली, इंग्रजीनं पुढच्या दिवसाला, आणि उर्दूनं दोघांनाही वाटून टाकली.

मराठी किती शिस्तीची, असा माझा फार दिवस अभिमान होता. तो एका मुलीनं उतरवला. मी वर्गात ऐटीत सांगत होते की बघा, मराठीत काल वेगळा, उद्या वेगळा, सगळं स्वच्छ. ती म्हणाली, "टीचर, और परवा?"

परवा आले, परवा येणार. झालं! मराठीची शिस्त एका दिवसापुरतीच. दोन दिवस लांब गेलं की आपणही 'परवा' म्हणून मोकळे होतो आणि बाकीचं क्रियापदावर सोपवतो. आजीच्या पिढीतलं 'तेरवा'ही तसंच. इंग्रजी बिचारी तिथं 'द डे बिफोर यस्टरडे' असं चार-चार शब्दांचं ओझं वाहते, पण कुठल्या बाजूला ते सांगितल्याशिवाय राहत नाही. आमच्या हैदराबादकडच्या पाहुण्यांचं 'परसों' तर आणखीच ऐसपैस असतं. ते 'परसों' म्हणाले तर परवा समजायचं, मागचा महिना समजायचं की वीस वर्षांपूर्वीची निजामशाही थाटाची एखादी दावत, हे चेहऱ्याकडे बघून ठरवायचं. माझी नानी तशीच बोलायची. तिच्या 'परसों'त माझ्या अम्मीचं लग्नसुद्धा बसायचं.

क्रियाविशेषण हा शब्द मुलांना सांगायचा तर तीन भाषांत तीन नावं येतात. मराठी व्याकरणात कालवाचक क्रियाविशेषण अव्यय. इंग्रजीत ॲडव्हर्ब ऑफ टाइम. उर्दू व्याकरणात अरबीतून आलेलं नाव आहे, जर्फे-जमाँ. जर्फ म्हणजे भांडं आणि जमाँ म्हणजे काळ. ज्या भांड्यात क्रिया ठेवलेली असते ते काळाचं भांडं. मला तिन्हींत हेच नाव सगळ्यात आवडतं. वर्गातही ते चालतं. 'अब्बा गेले' ही क्रिया झाली. कुठल्या भांड्यात ठेवू? काल, आज, सकाळी, मगरिबनंतर? मुलं पटापटा भांडी आणून देतात.

बीएडला आम्हाला पाठ टाचणात शैक्षणिक साहित्याचा रकाना भरावा लागायचा. तिथं मी अनेकदा 'काळरेषा' लिहिलं होतं. फळ्यावर आडवी रेघ, मधे 'नाऊ', डावीकडे 'पास्ट', उजवीकडे 'फ्युचर'. मराठी माध्यमाच्या शाळेत सराव पाठ घेतला तेव्हा हे साहित्य सुरळीत चाललं. इथं, आमच्या उर्दू शाळेत, मी रेघ काढली आणि विचारलं, "यस्टरडे कुठे लिहू?" अर्धा वर्ग म्हणाला डावीकडे, अर्धा म्हणाला उजवीकडे. मला वाटलं दंगा चाललाय. दोघांना ओरडलेही. मग एक मुलगा फळ्याजवळ आला आणि उजवीकडून डावीकडे बोट फिरवत म्हणाला, "टीचर, इधर से शुरू होता ना?"

बरोबर. उर्दू उजवीकडून लिहितात. आधी लिहिलेलं उजवीकडे असतं, पुढं लिहायचं डावीकडे. उर्दू वहीत जो मागे राहिला तो उजव्या हाताला राहिला. त्यांचा भूतकाळ उजवीकडे आहे, आणि यात त्यांचं काहीही चुकलेलं नाही. त्या दिवसापासून मी रेघेवर आधी बाण काढते. इंग्रजीचा बाण इकडून तिकडे, उर्दूचा तिकडून इकडे. एवढं केलं की भांडण मिटतं. हे मला बीएडच्या कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. ती पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या समोर बहुधा उजवीकडून लिहिणारा वर्ग नसावा.

आता 'अजून'.

'अजून' या शब्दानं मला जेवढं छळलं तेवढं दुसऱ्या कशानं नाही. 'तो अजून झोपलाय', इथं इंग्रजीत 'स्टिल'. 'तो अजून आला नाही', इथं 'यट'. 'अजून भात वाढ', इथं 'मोअर'. मराठीला तिन्हीत फरक करावासा वाटत नाही. उर्दूत 'अभी'ची तीच गत. 'अभी आया' म्हणजे 'जस्ट', 'अभी आता' म्हणजे आत्ता येतो, 'अभी तक नहीं आया' म्हणजे 'यट'. आणि 'अभी आता' म्हणून गेलेला माणूस किती वेळानं येतो हे तुम्हाला माहीत आहेच. मुलं लिहितात, 'ही स्टिल नॉट कम'. आपण वाचतो, कळतं, आणि तरी खोडावं लागतं. मी त्यांना सांगते, 'यट' वाट बघणारा शब्द आहे. तो बहुतेक नकारात किंवा प्रश्नात बसतो, आणि वाक्याच्या टोकाला दारात उभा असतो. 'स्टिल' आतच असतो, तो अजून उठलेलाच नाही. आणि 'ऑलरेडी' वाट बघण्याआधीच येऊन गेला. पाहुण्यांची ही तीन सोंगं मुलांना आवडतात. एकदा तर तीन मुलांना उभं करून नाटकच केलं. 'यट' झालेला मुलगा दारातून हलेना, मधली सुटी झाली तरी.

'नेव्हर'चं दुखणं वेगळं. आपण 'मी कधीच खोटं बोलत नाही' म्हणतो. 'कधीच'ही हवं आणि 'नाही'ही हवं. उर्दूतही 'कभी झूठ नहीं बोलता'. मुलं तसंच लिहितात, 'आय नेव्हर डोन्ट टेल लाइज'. इंग्रजीत दोन नकार एकमेकांना खाऊन टाकतात आणि पोरगं अट्टल खोटारडं ठरतं. त्याच्या मनात किती प्रामाणिक वाक्य होतं!

'बिफोर टू इयर्स' हाही आमचा आवडता प्रयोग. 'दोन वर्षांपूर्वी', 'दो साल पहले'. दोन्ही भाषांत पूर्वी आणि पहले म्हणजे 'बिफोर', मग 'बिफोर' लिहिलं तर बिघडलं कुठे? बिघडलं इथं की इंग्रजीला त्यासाठी 'अगो' हा वेगळा शब्द आहे आणि तो नेहमी मागून येतो, टू इयर्स अगो. 'यस्टरडे नाइट'ही तसंच. 'काल रात्री'चं ते सरळ भाषांतर, पण इंग्रज म्हणतो 'लास्ट नाइट'. 'टुडे मॉर्निंग' नाही, 'धिस मॉर्निंग'. ही यादी मी वर्गात एकदाच देते. याद करो म्हणत नाही, कारण नुसतं याद करून काय होतं ते मला माहीत आहे.

'सिन्स' आणि 'फॉर'वर मात्र थांबते, कारण ती जखम माझी आहे.

नोकरी शोधत होते तेव्हाची गोष्ट. एका शाळेत मुलाखत होती. मंडळातल्या एका गृहस्थांनी इंग्रजीत विचारलं, किती वर्षं शिकवताय? मी एका खाजगी शिकवणीत तीन वर्षं काम केलं होतं. मी म्हटलं, "आय ॲम टीचिंग फ्रॉम थ्री इयर्स." ते बोलले काहीच नाहीत. शेजारच्याकडे बघून किंचित हसले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. ती नोकरी मिळाली नाही. त्या वाक्यामुळेच मिळाली नाही असं मी म्हणणार नाही, आणखी पुष्कळ कारणं असतील. पण घरी येऊन भावाचं जुनं रेन अँड मार्टिन काढलं आणि बसले. 'आय हॅव बीन टीचिंग फॉर थ्री इयर्स.' हे वाक्य मी त्या रात्री पन्नास वेळा म्हटलं असेल. अम्मीनं विचारलं, "काय कू बडबडारी?"

अडचण अशी की आपल्याकडे 'पासून' एकटाच दोन्ही कामं करतो. 'सकाळपासून पाऊस पडतोय' आणि 'दोन तासांपासून पाऊस पडतोय'. उर्दूत 'सुबह से' आणि 'दो घंटे से'. इंग्रजीत सुरुवात सांगायची तर 'सिन्स' आणि लांबी सांगायची तर 'फॉर'. शिवाय 'पडतोय' हा आपला वर्तमानकाळ तिथं चालत नाही. 'हॅज बीन रेनिंग' म्हणायचं, म्हणजे मागे सुरू झालेलं अजून चालू आहे. माझ्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी यंत्रमागाचं काम आहे. मी त्यांना मागावरची चादर दाखवते, नुसती बोलण्यात. पहिला धागा जिथं पडला तो 'सिन्स'. आत्तापर्यंत जेवढे फूट विणून झाली ते 'फॉर'. आणि माग अजून चालू आहे म्हणून 'हॅज बीन'. एका मुलीनं लगेच विचारलं, "और लाइट गयी तो?" लाइट गेली तर साधा भूतकाळ, माग थांबला. माझ्यापेक्षा तिला लवकर कळलं.

त्या मुलाखतीतलं ते हसू मी इतकी वर्षं विसरले नव्हते, आणि एका बुधवारी तेच हसू मी अकरा वर्षांच्या मुलाला दिलं.

आमच्या मुलांना वेळ कळत नाही असं मात्र कुणी समजू नये. घड्याळापेक्षा पक्की वेळ त्यांच्या घरात असते. फजर, जोहर, असर, मगरिब, इशा. 'असरनंतर खेळायला ये', 'मगरिबच्या आत घरी पाहिजे', 'इशा झाल्यावर जेवू'. 'बिफोर', 'आफ्टर', 'टिल', 'बाय' ही सगळी इंग्रजी शब्दयोजना त्यांच्या दिवसात आधीच आहे. पाठ्यपुस्तकातल्या 'फाइव्ह ओक्लॉक'पेक्षा 'आफ्टर असर' त्यांना लवकर लिहिता येतं. मी लिहू देते. आमच्या वर्गात दोन-तीन मुलं दुसऱ्या मजहबची असायची. ती 'आफ्टर आरती' लिहायची. तेही बरोबर.

पण हेच घड्याळ कधी मला पेचात टाकतं. आपली तारीख मगरिबला बदलते. गुरुवारचा सूर्य मावळला की जुम्म्याची रात्र लागते. चांद दिसला की दुसऱ्या दिवशीच्या रोज्याआधी त्याच रात्री तरावीह सुरू होते. म्हणजे गुरुवारी रात्री आठ वाजता घरातल्या दादीच्या हिशेबानं शुक्रवार लागलेला असतो आणि शाळेच्या कॅलेंडरवर गुरुवारच असतो. इंग्रजीचा दिवस मध्यरात्री बदलतो, जेव्हा बघायला कुणी जागं नसतं. रमजानमध्ये एका मुलीनं विचारलं, "टीचर, सहरी लास्ट नाइट खायी बोलूँ या धिस मॉर्निंग?" पहाटे साडेचारला खाल्लेलं 'धिस मॉर्निंग', असं मी सांगितलं. ती म्हणाली, "पर अंधेरा था." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि इन्शाअल्लाह. 'आय विल कम टुमारो इन्शाअल्लाह', हे मला दरवर्षी वाचायला मिळतं. पूर्वी मी ते खोडायचे, इंग्रजी वाक्यात कशाला म्हणून. सूरह कहफमध्ये सांगितलंय की अमुक गोष्ट मी उद्या करीन असं म्हणू नका, अल्लाहनं चाहलं तर हे जोडल्याशिवाय. मुलांना ते घरातूनच आलेलं असतं. बारकाईनं पाहिलं तर ते भविष्यकाळाला लागणारं पदच आहे. 'काल इन्शाअल्लाह गेलो' असं कुणी म्हणत नाही. त्या वाक्यात 'वेंट' बसतच नाही. आता मी खोडत नाही. परीक्षेत मात्र लिहू नका म्हणते, तपासणारे गुण कापतील म्हणून. हे माझं भित्रेपण आहे, मान्य.

तर तो गुरुवार. हजेरी झाली, तास झाले, मी घरी आले. रात्री स्वयंपाकघर आवरताना सारखं वाटत होतं की या वेळेला ते स्टेशनवर असतील. सोलापूरहून मुंबईला जाणारी रात्रीची गाडी म्हणजे सिद्धेश्वर. मुंबईहून पुढं विमान. आमच्याकडून आखातात जाणारे ड्रायव्हर, मिस्त्री असेच जातात. हातात एक बॅग, चटणीचा डबा, आणि फलाटावर अर्धा मोहल्ला. दोन-दोन वर्षं परत येत नाहीत. आदल्या दिवशी शाळेत बसून त्या मुलानं हेच एक वाक्य इंग्रजीत लिहून पाहिलं होतं.

जुम्म्याला आमची शाळा सकाळची असते. तो आला, दादी सोडायला आली होती. मी दारातच होते. दादी म्हणाली, "कल भेज्या नै मैं, घर में गडबड थी." मग आपणहून सांगितलं, "जुम्मे की रात कू निकल्या मेरा बेटा. अच्छी घडी में गया." मी म्हटलं, "अल्लाह खैर करे." दादीनं दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि गेली.

तास सुरू झाल्यावर मी फळ्यावर त्याचं वाक्य लिहिलं, 'इज गोइंग' घालून. 'टुमारो माय फादर इज गोइंग टू सौदी.' आणि वर्गाला सांगितलं की बुधवारी हे वाक्य असं होतं. ज्यानं लिहिलं त्याचं 'टुमारो' बरोबर होतं, चूक मी केली. मुलं हसली नाहीत. काहींना कळलंही नसेल. त्याला उभं करून माफी वगैरे मागावी असं मनात होतं, पण त्यानं त्याची आणखी शोभा झाली असती.

मधल्या सुटीत तो वही घेऊन टेबलाजवळ आला. पाचवी ओळ उघडली. माझा लाल गोल तसाच होता आणि वर माझं 'यस्टरडे'.

"टीचर, आता आपका सही हो गया," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्यानं खरंच तपासलं होतं. बुधवारी चुकीचं होतं, आज शुक्रवार, बाप काल गेला, म्हणून 'यस्टरडे' बरोबर, आणि त्याचं 'वेंट'ही आता बरोबर. आख्खं वाक्य आपोआप दुरुस्त झालं होतं.

मी काही बोलायच्या आत त्यानं पुन्हा वहीत पाहिलं. कपाळाला आठी घातली.

"पर रात को गये ना टीचर. तो लास्ट नाइट लिखूँ?"

मी म्हटलं, "लिख, बेटा." आणि माझा लाल पेन त्याच्या हातात दिला.